पसंतीक्रम भरण्याआधी

नीटच्या अभ्यासाला अकरावीपासून दोन वर्षं मिळतात. ड्रॉप घेतला तर तीन. हल्ली आठवी-नववीतच ‘फाउंडेशन’चे वर्ग लागतात, म्हणजे काही मुलं पाच-पाच वर्षं या एका परीक्षेसाठी झटत असतात. मग निकाल लागतो, राज्याचा सीईटी कक्ष प्रवेशाचं वेळापत्रक लावतो आणि पसंतीक्रम भरायला मोजके दिवस मिळतात. पुढची साडेपाच वर्षं कुठे आणि काय शिकायचं, त्यानंतर आयुष्यभर कोणतं काम करायचं, हे त्या मोजक्या दिवसांत ठरतं. एमबीबीएस हुकतंय असं दिसलं की घरात धावपळ उडते. बीडीएस घ्यावं की बीएएमएस? फिजिओथेरपीला पुढे वाव आहे का? मामांच्या ओळखीतला एक मुलगा किर्गिझस्तानला गेलाय, त्याला फोन लावायचा का? ज्या मुलीनं द्विदल खोडाचा आडवा छेद डोळे मिटून काढता येईल इतक्यांदा पाहिलेला असतो, तिनं फिजिओथेरपिस्ट दिवसभर काय करतो हे एकदाही पाहिलेलं नसतं.

परीक्षेचा अभ्यास जसा अकरावीत सुरू होतो तसा अभ्यासक्रमाच्या निवडीचा अभ्यासही अकरावीतच सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हे पुस्तक त्या मतातून लिहिलं गेलं. मराठवाड्यात ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना हुशार, कष्टाळू मुलं प्रवेशाच्या टप्प्यावर चुकीच्या वाटेनं जाताना मी पाहिली. गुण कमी पडले म्हणून गेलेली थोडी होती. माहिती नव्हती म्हणून, कागद नव्हता म्हणून, किंवा कुणी तरी ठामपणे काही तरी सांगितलं म्हणून गेलेली पुष्कळ होती.

प्रवेशाची पद्धत आपल्याकडे किती वेळा बदलली आहे हे आधी लक्षात घ्यावं. एके काळी बारावीतल्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवर प्रवेश होत. त्या काळात लातूरच्या महाविद्यालयांनी सततच्या सराव परीक्षा, तपासलेल्या उत्तरपत्रिकांवरची चर्चा आणि जादा तास यांची शिस्त बसवली. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावं दिसू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ घरोघरी पोहोचला. पुढे राज्याची सीईटी आली. ५ मे २०१३ रोजी पहिली नीट झाली, १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्दबातल ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये स्वतःचाच तो निकाल मागे घेतला. त्या उन्हाळ्यात आपल्याकडची मुलं राज्याच्या सीईटीसाठी तयार होऊन बसली होती. मे महिन्यात केंद्राचा अध्यादेश निघेपर्यंत त्यांना आपल्या गुणांना काही किंमत राहणार आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नव्हतं. २०१७ पासून राज्याच्या कोट्यातले एमबीबीएस प्रवेश नीटवरच होतात. सप्टेंबर २०२० मध्ये ७०:३० चं प्रादेशिक सूत्र रद्द झालं. त्या सूत्रानुसार प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्या विभागातल्याच मुलांना मिळत, आणि महाविद्यालयं कमी असलेल्या मराठवाड्यातल्या मुलांचं त्यात फार नुकसान होई. हे सगळं सांगायचं कारण असं की चार वर्षांपूर्वी प्रवेश मिळालेल्या शेजारच्या ताईचा अनुभव प्रेमानं ऐकावा, पण फॉर्म भरताना त्याच वर्षीची माहिती पुस्तिका समोर ठेवावी. या पुस्तकालाही तोच नियम लावावा.

परीक्षेचं स्वरूप थोडक्यात सांगतो. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांतून १८० सोडवायची सोय होती, ती २०२५ पासून गेली.

आमच्या भागातली मुलं बहुतेक वेळा भौतिकशास्त्रात अडतात, आणि त्याचं मूळ अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी सापडतं. ‘डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला?’ असं म्हणून गणित सोडलं जातं. सदिश, लॉगॅरिदम, आलेखाचा चढ, साधं विकलन आणि संकलन हे सगळं भौतिकशास्त्राला रोज लागतं. गणित सोडलेली मुलं मग सूत्रं पाठ करतात आणि प्रश्न जरा फिरवून आला की थांबतात. ज्याला झेपेल त्यानं गणित ठेवावं. ज्याला ते खरोखरच नको आहे त्यानं अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत भौतिकशास्त्रापुरतं गणित वेगळं शिकून घ्यावं. त्यासाठी एक प्रकरण पुस्तकात दिलं आहे. उलट बाजूनंही एक सोय आता झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटची पात्रता दिली. गणिताकडे गेलेल्या मुलाला उशिरा वैद्यकशास्त्राची ओढ वाटली तर त्याचा रस्ता बंद झालेला नाही.

पुस्तकांबद्दल. आपल्याकडे बारावीची परीक्षा राज्य मंडळाच्या पुस्तकांवर होते आणि नीटची भिस्त एनसीईआरटीवर असते. दोन्ही वाचावी लागतात, कारण खुल्या वर्गाला बारावीत तिन्ही विषय मिळून ५० टक्के आणि राखीव वर्गांना ४० टक्के गुण असल्याशिवाय नीटच्या गुणांचा उपयोग होत नाही. एनसीईआरटीची प्रत कोणत्या आवृत्तीची आहे तेही पाहा. २०२४ च्या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं ग्राह्य धरली गेली, कारण जुन्या आणि नव्या पुस्तकातली विधानं वेगळी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि त्यानंतर निकाल पुन्हा लागला. मोठ्या भावाचं जुनं पुस्तक वापरणाऱ्या मुलांना त्या एका प्रश्नाची केवढी किंमत पडली असेल! मराठीतून नीट देण्याची सोय २०१७ पासून आहे आणि मराठी निवडणाऱ्याला इंग्रजी-मराठी अशी द्विभाषिक पुस्तिका मिळते. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानतात. म्हणून मराठी निवडली तरी सराव दोन्ही भाषांतल्या पारिभाषिक शब्दांचा असावा.

पालक सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: ‘सर, इतक्या गुणांना काय मिळेल?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, दुरुस्तीनंतर असे १७ उरले. २०२५ चा पेपर अवघड निघाला आणि देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. एका वर्षीचे ६०० आणि दुसऱ्या वर्षीचे ६०० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाहायचा तो देशातला क्रमांक, आणि त्याहून महत्त्वाची राज्याच्या यादीतली आपल्या प्रवर्गाची जागा. खुल्या वर्गाची पात्रता २०२५ मध्ये १४४ गुणांना होती. ‘क्वालिफाय झाला’ या शब्दानं घरात आनंद होतो आणि तो व्हावाही, पण पात्र ठरणं आणि सरकारी जागा मिळणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि खासगी महाविद्यालयांचे दलाल नेमके त्याच अंतरात उभे असतात.

आता कागदपत्रं. या विषयावरचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल, पण ते पहिलं ठेवण्याचा मी आग्रह धरला. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं आणि, काही ठरावीक सवलती सोडल्या तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. मूल कोटा शहरात क्लासला पाठवताना बारावीचा फॉर्मही तिथूनच भरायचा सल्ला कुणी देतो, घरचे तो मानतात, आणि दोन वर्षांनी कळतं की आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी महाविद्यालयावरचा हक्क आपणच गमावला आहे. राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीच्या, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीच्या, इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीच्या. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुन्यांपासून जन्म-मृत्यूच्या नोंदवहीपर्यंत शोध घ्यावा लागतो आणि त्यात महिने जातात. अर्ज अकरावीत, कॉलेजमार्फत, करून टाकावा. उत्पन्नाशी जोडलेल्या नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तिकडेही लक्ष हवं. डोंगरी भागातल्या मुलांसाठी, सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी काही जागा असतात. बेळगाव-निपाणीकडच्या कुटुंबांना हे माहीत असतंच असं नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. संस्थास्तरीय कोट्याला ती सवलत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकायला निघालेल्या बापानं आधी हा निर्णय वाचावा.

अभ्यासक्रमांच्या निवडीला पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग दिला आहे.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्षाची आंतरवासिता. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेतली की राज्यात एक वर्षाची सेवा, नाही तर दहा लाखांचा दंड. पुढे पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं. अठराव्या वर्षी निघालेलं मूल स्वतःच्या पायावर नीट उभं राहायला तिशी जवळ येते. बरोबरीची मित्रमंडळी तोवर नोकरीत स्थिरावलेली असतात, बहिणीचं लग्न झालेलं असतं, वडील निवृत्तीला आलेले असतात. हा हिशेब ज्यांना आधी सांगितला जातो ती मुलं तो हसत पेलतात. ज्यांना तो तिसऱ्या वर्षी कळतो ती कोलमडतात. महाविद्यालय निवडताना नव्या-जुन्यातला फरकही पाहावा. मुंबईचं ग्रँट १८४५ चं, केईएमशी जोडलेलं सेठ जी. एस. १९२६ चं, पुण्याचं बी. जे. १९४६ चं, नागपूरचं सरकारी १९४७ चं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशीम, हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत ती निघाली याचा मला मनापासून आनंद आहे. तरी तिथे जाण्याआधी अध्यापक किती आहेत आणि रुग्णालयात रोज किती रुग्ण येतात, हे विचारावं. वैद्यकशास्त्र रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकायचं असतं.

सेवाग्रामची गोष्ट इथे सांगायलाच हवी. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची नीटपूर्व काळात स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांवरची प्रश्नपत्रिका असे. नव्या विद्यार्थ्यांनी आश्रमात राहायचं आणि प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं, ही तिथली रीत. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आजही नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत घेतं. डॉक्टर निवडताना स्मरणशक्ती आणि वेग यांपलीकडे काही तपासावं, असं या दोन्ही संस्थांना वाटलं. नीट ते तपासत नाही. तेव्हा ती तपासणी विद्यार्थ्यानं स्वतःची स्वतःच करायची आहे: रक्त, पू, रडणारे नातेवाईक, रात्रीची जागरणं, आणि तेच ते प्रश्न शांतपणे पुन्हा पुन्हा विचारणं, हे मला आयुष्यभर करायचंय का?

बीएएमएसबद्दल मी जरा जास्त लिहिलं आहे, कारण ग्रामीण महाराष्ट्रात एमबीबीएस हुकलेल्यांचा सर्वांत मोठा ओघ तिकडे जातो. पुण्याचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चं. ही परंपरा मोठी आहे. पण पहिल्या वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान, संहिता समोर येतात, आणि ‘एमबीबीएस नाही तर हे’ म्हणून आलेलं मूल त्यांच्याकडे शिक्षा म्हणून पाहतं. आयुर्वेदाबद्दल कुतूहल असलेल्या मुलांना हाच अभ्यास आवडतो आणि ती त्यात चांगली घडतात. कुतूहल आहे का, हे आधी एखादा संहितेचा मराठी अनुवाद वाचून, एखाद्या वैद्यांच्या ओपीडीत बसून पाहता येतं. होमिओपॅथीलाही हेच लागू आहे. बीडीएसला हाताचं कसब लागतं, आणि दवाखाना थाटायला खुर्चीपासून एक्स-रेपर्यंत भांडवल लागतं. ते कुठून येणार याचा विचार प्रवेशाआधी व्हावा.

फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाक् व श्रवणोपचार या पदव्यांना राज्यात नीटच लागते, आणि प्रवेशप्रक्रियेत त्या ‘क’ गटात असल्यामुळे उरलेल्यांसाठी आहेत असा समज पसरला आहे. अर्धांगवायूनंतर माणसाला पुन्हा चालायला शिकवणं, ऐकू न येणाऱ्या बाळाला बोलतं करणं ही कामं मला तरी कुठल्याही शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटतात. पशुवैद्यकाचंही तेच. साडेपाच वर्षांची ही पदवी, परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं, आणि नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ स्वतंत्रपणे राबवतं ती प्रवेशप्रक्रिया. ज्याच्या गोठ्यात लहानपणापासून जनावरं आहेत अशा मुलानंही हा फॉर्म भरायचं विसरून जावं, असं का होतं? बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. फार्मसी आणि कृषीसाठी एमएचटी-सीईटी आहे, जिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटचाच अभ्यास तिथे कामी येतो, तेव्हा ती परीक्षा द्यावीच. जीवशास्त्र हाच ज्याचा खरा ध्यास आहे आणि रुग्ण तपासण्याची ओढ नाही, त्यानं पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी. असे विद्यार्थी वर्गात ओळखू येतात. ते आजार विचारत नाहीत, पेशी असं का करते ते विचारतात.

परदेशी एमबीबीएसविषयी मी सावध आहे. तिकडे जायलाही नीटची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, तिथली वर्षभराची आंतरवासिता पूर्ण झालेला असावा लागतो, आणि परतल्यावर इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिच्यात बहुसंख्य उमेदवार एका प्रयत्नात उत्तीर्ण होत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्या मुलांचे चेहरे आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले आहेत.

ड्रॉप घेण्याबाबत मला एवढंच सांगायचं आहे की तो निर्णय मुलाचा असावा, आणि ‘या वर्षी काय वेगळं करणार?’ या प्रश्नाला त्याच्याकडे कागदावर लिहिता येईल असं उत्तर असावं. भाड्याच्या खोलीत, डबा लावून, आठवड्याच्या चाचणीतल्या क्रमांकावर जगणारी मुलं फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणतात. आईनं गुण विचारायच्या आधी झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारावं. मूल गप्प गप्प राहत असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, तर क्लासचा दिवस बुडाला तरी चालेल, त्याच दिवशी त्याच्याकडे जावं. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक या पुस्तकाच्या आतल्या मुखपृष्ठावरही छापला आहे.

प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. कागदपत्रांचं प्रकरण दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात वाचावं. अभ्यासक्रमांची प्रकरणं अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत वाचावीत, आणि त्याच सुट्टीत जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना आणि एखादी फिजिओथेरपीची ओपीडी परवानगी घेऊन पाहून यावी. शेवटी काही पानं कोरी आहेत. आपला पसंतीक्रम आणि प्रत्येक पसंतीचं कारण विद्यार्थ्यानं तिथे स्वतःच्या हातानं लिहावं, आणि ते बारावीच्या एप्रिलअखेर लिहून झालेलं असावं. मेमध्ये नीट झाली की उत्तरतालिका येतात, गुणांचे अंदाज बांधले जातात, आणि त्यानंतर लिहिलेली कारणं बहुतेक वेळा त्या अंदाजांना जुळवून घेतलेली असतात.